संगणकाचा अन्नदाता

घरात संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे आपण कशाकशाची चौकशी करतो, हे आठवून पाहा. प्रोसेसर कोणता, स्मृती किती, पडदा केवढा, यांवर लहानथोर सर्वांना मत असते. आत वीज पुरविणाऱ्या पत्र्याच्या डब्याविषयी, बाजारात ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात त्याविषयी, मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. मीही काढले नव्हते. कॅबिनेटबरोबर तो फुकट आला. फुकटच्या वस्तूची चिकित्सा ती काय करावयाची?

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते एकेका बोटाने अक्षरे शोधीत आपल्या नोकरीच्या आठवणी लिहू लागले. चांगली नव्वद पृष्ठे झाली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि परत आली तेव्हा फट् असा आवाज होऊन खोलीभर जळका वास पसरला. एसएमपीएस गेला तो हार्डडिस्कला सोबत घेऊनच. प्रत काढून ठेवलेली नव्हती, हा दोष सर्वस्वी माझा.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने तो मृत डबा माझ्यासमोर ठेवला आणि त्यावरचे लेबल वाचावयास सांगितले. ठळक अक्षरांत 450 वॅट. खालच्या बारीक कोष्टकात 12 व्होल्टपुढे 14 अँपिअर. गुणाकार आपणच करा : 168 वॅट. आजच्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक बहुतांशी या 12 व्होल्टवरच भागते. उरलेले आकडे मिळवून बेरीज फुगविली होती, इतकेच. तेव्हापासून मी दुकानात मोठा आकडा वाचतच नाही, कोष्टक वाचतो.

या डब्याचे काम सोपे नाही. घरातील 230 व्होल्टचा उलटसुलट प्रवाह तो प्रथम सरळ करतो, त्याचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12, 5 व 3.3 व्होल्ट असे वाटून देतो. इंटेलने 1995 साली मांडलेल्या एटीएक्स मानकाच्या परंपरेत या पुरवठ्यांना पाच टक्क्यांचीच सवलत असे. म्हणजे 12 चे 11.4 ते 12.6, त्यापलीकडे नाही. दाब बेफाम चढला तर चांगल्या एसएमपीएसने स्वतः बंद पडावयाचे असते. आमच्या डब्याला ते शिकविलेलेच नव्हते. म्हणून जादा दाब, जादा प्रवाह, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे काय, हे माहितीपत्रकात अवश्य पाहावे.

2004 साली सुरू झालेल्या 80 प्लस या प्रमाणपत्राविषयी दुकानदार भरभरून बोलतात. ब्राँझ, गोल्ड ही नावेही भारदस्त. परंतु हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. त्याचा लाभ विजेच्या बिलात दिसतो. संगणकाला 200 वॅट हवे असतील, तर सत्तर टक्के कार्यक्षम डबा भिंतीतून सुमारे 286 वॅट ओढतो, नव्वद टक्क्यांचा 222. रोज सहा तास वापर असेल, तर वर्षाला जवळजवळ 140 युनिटांचा फरक पडतो. आणि ती वाया गेलेली वीज उष्णता होऊन आपल्याच खोलीत राहते.

किती वॅटचा घ्यावा? ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला प्रामाणिक 400 वॅट पुरून उरतात. साडेसातशेचा आग्रह करणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी एसएमपीएसला उगाच शिव्या बसतात. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात ना? आतील फिल्टरातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगकडे जावयाचा असतो. अर्थिंगच नसले तर तो आपल्या बोटांकडे येतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, डबा बदलू नका. आणि कुतूहलापोटी तो उघडू तर मुळीच नका. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटर तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ धरून राहू शकतो.

नवा एसएमपीएस मी कोष्टक वाचून, हातात तोलून घेतला. किंमत पहिल्या कॅबिनेटपेक्षा अधिक पडली, तेव्हा वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत. आता ते पुन्हा लिहीत आहेत आणि रोज रात्री मी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतो. इटारसी जंक्शनवरील पहिल्या रात्रपाळीचे प्रकरण पूर्वी अकरा पृष्ठांचे होते. या खेपेस ते चारच पृष्ठांत संपले. मी विचारले, तर म्हणाले, बाकीचे तेव्हा आठवले होते.