शहराच्या कडेचें आमचें बिऱ्हाड

मराठींत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत, आणि आमच्या वऱ्हाडांतील पुष्कळ कुटुंबांस या दोहोंचा अनुभव एकाच वेळीं घ्यावा लागतो. घर असतें गांवीं. तेथें शेत, गोठा, देव्हारा आणि वृद्ध मंडळी. बिऱ्हाड असतें अमरावतीस. तेथें मुलांची शाळा, दोन खोल्या आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत द्यावयाचें भाडें. दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, धारणी अशा चहूंकडच्या तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठीं हें दुहेरी जीवन पतकरलेलीं कुटुंबें या वार्षिक अंकाच्या वाचकांत थोडीं नसतील. आम्हीही त्यांतलेच. म्हणून शहराच्या कडेच्या एका शांत वस्तींत भाड्यानें राहतांना आम्हांस जें दिसलें आणि जें शिकावयास मिळालें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अमरावतीस ‘आंत’ आणि ‘बाहेर’ हा भेद नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं, निजामाच्या अमदानींत, पेंढाऱ्यांच्या धास्तीनें या शहराभोंवतीं दगडी परकोट उभारण्यांत आला. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट हीं नांवें आजही त्याच्या वेशींची आठवण देतात. पुढें १८५३ मध्यें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेला, आणि परकोटापासून दूर, मोकळ्या जागेवर, साहेबलोकांच्या बंगल्यांचा ‘कँप’ वसला. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग सुमारें दहा किलोमीटर अंतरावरील बडनेऱ्यावरून गेला. तेथून शहरापर्यंत एक लहानशी शाखा आणावी लागली. १९८३ मध्यें अमरावती आणि बडनेरा या दोन्ही नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली. जीं शेतें एके काळीं कपाशीनें व तुरीनें भरलेलीं असत, त्यांत एकामागून एक भूखंडांचे दगड रोवले गेले. काल जें शहराबाहेर होतें तें आज शहराच्या मध्यावर आलें आहे, आणि आज आम्ही जेथें कडेला राहतों तेथें उद्यां बाजार भरेल. म्हणून कडेला राहणाऱ्यानें कडेची खंत करूं नये आणि तिचा तोराही मिरवूं नये, एवढें तरी इतिहासावरून समजावें.

आमचें गांव दर्यापूर तालुक्यांत, खारपाणपट्ट्यांत आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील या पट्ट्याची जमीन काळी व कसदार, पण भूमींतलें पाणी खारट. थोरली मुलगी पांचवींत गेली तेव्हां आम्हीं अमरावतीस बिऱ्हाड करण्याचा निश्चय केला आणि जागेच्या शोधास निघालों. रिकामीं घरें पुष्कळ होतीं. फाटकाफाटकांवर ‘भाड्यानें देणें आहे’ अशा पाट्या लटकत होत्या. परंतु बहुतेक ठिकाणीं भाड्याचा आंकडा सांगण्यापूर्वीं आमचें आडनांव विचारण्यांत आलें. तें सांगितल्यावर कोणी म्हणे, “जागा कालच दिली हो”, कोणी म्हणे, “मुलगा पुण्याहून येणार आहे, त्याच्यासाठीं ठेवावी लागेल.” पाटी मात्र पुढच्या आठवड्यांतही तेथेंच असे. अशाच एका ठिकाणाहून परततांना धाकट्या मुलीनें विचारलें, “आपलें आडनांव वाईट आहे का?” या प्रश्नास उत्तर देणें हें भाडें देण्याहून कठीण होतें. आम्हीं तिला इतकेंच सांगितलें, “आडनांव वाईट नसतें, बाळ. तें विचारण्यामागचा हेतु कधीं कधीं वाईट असतो.” तिचें समाधान झालें नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतें.

अखेर कठोरा मार्गाकडील एका नव्या वस्तींत, एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घराचा खालचा मजला आम्हांस मिळाला. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांनीं तीनच प्रश्न विचारले: मुली कोणत्या शाळेंत जातात, पाणी जपून वापराल ना, आणि झाडांस पाणी घालण्याची आवड आहे का. आडनांव त्यांनीं करारपत्र लिहितांना विचारलें. कारण तें कागदावर लिहावयाचें होतें.

करारपत्राची गोष्ट निघाली आहे, तर पालकांसाठीं दोन शब्द लिहितों. आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करण्याची चाल पडली आहे. तिचें मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा त्या कायद्याप्रमाणें नोंदवावा लागतो, आणि ती यातायात टाळण्यासाठीं लोकांनीं अकराव्या महिन्यावर थांबण्याची युक्ति काढली. विदर्भांत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडाचा भाडेनियंत्रण आदेश पन्नास वर्षे चालला. पुढें महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें भाडेकरार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. भाड्याची पावती देणें हेंही त्याचेंच कर्तव्य. कित्येक भाडेकरूंस कागद मागण्याचा संकोच वाटतो. आमच्या बाईंनीं कागद स्वतः पुढें केला आणि म्हटलें, “शाळेंत मीं चाळीस वर्षे हजेरी लिहिली. लिहून ठेवलेल्यावर भांडण होत नाहीं.”

वस्ती नवी असल्यामुळें घरें विरळ होतीं. दोन घरांच्या मध्यें मोकळे भूखंड. त्यांत तरोटा, बाभूळ, क्वचित् एखादा जुना कडुनिंब, जो शेताच्या बांधावर उभा होता तो आतां कुणाच्या तरी कुंपणांत सांपडलेला. शेत गेलें तरी माती शेताचीच राहते. काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. म्हणून ज्या घराचा पाया नीट विचार करून घातलेला नसतो, त्याच्या भिंतींस तडे जातात. पहिल्या पावसाळ्यांत शाळेच्या गाडीपर्यंत पोंचेतों मुलींच्या पायांस शेर शेर चिखल लागे. नळास सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी एक दिवसाआड येई. शेजारपाजारचे लोक त्याबद्दल कुरकुरत. खारपाणपट्ट्यांतून आलेल्या आम्हांस मात्र तें गोड पाणी ओंजळीनें पितांना सणासारखें वाटे. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला म्हणजे दुपारीं सारी वस्ती दारें लावून कूलरच्या वाळ्याच्या वासांत निजे, आणि रात्रीं टिटवीच्या ओरडण्याखेरीज दुसरा आवाज नसे.

ही शांतता पहिले कांहीं दिवस आम्हांस फार आवडली. मुलींचा अभ्यास होई, झोंप लागे. परंतु पुढें पुढें ती मनास टोंचूं लागली. खेड्यांत आवाजावरून माणसें कळतात. कोणाचा खोकला, कोणाच्या बैलांचे घुंगूर, कोणाच्या घरीं आज जातें उशिरां सुरू झालें, सारें अंथरुणांतून समजतें. येथें चार महिने लोटले तरी शेजाऱ्यांची ओळख त्यांच्या दुचाकीच्या रंगावरूनच होती. तेव्हां आम्हांस उमजलें कीं, शांतता दोन प्रकारची असते. एक, सर्वजण एकमेकांस सांभाळून वागतात तिची. दुसरी, कोणास कोणाचें कांहीं घेणेंदेणें नसतें तिची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती आपल्या वांट्यास आली आहे हें अडचणीच्या वेळींच कळतें.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. वऱ्हाडांत या दिवशीं मुली भुलाबाई बसवितात व कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळीं तिचीं गाणीं म्हणतात. वस्तींत भुलाबाई कोणाकडेच नव्हती. आमच्या मुलींनीं हट्ट धरला. बाजारांतून मातीचे भुलाबाई-भुलोजी आणले, आणि मखरासाठीं ज्वारीचे पांच धांडे त्यांचे आजोबा एसटीनें, अंगाशीं धरून, गांवाहून घेऊन आले. पहिले तीन दिवस दोघीच गात बसल्या. चौथ्या दिवशीं फाटकाशीं एक परकरी मुलगी येऊन उभी राहिली. आठवड्याभरांत अकरा मुली झाल्या. रोज एकीच्या घरची खिरापत. डबा कानाशीं हालवून आंत काय आहे तें ओळखावयाचें, आणि ओळखतां आलें नाहीं तर हार मानावयाची. समोरच्या घरांत एक ख्रिस्ती परिचारिकाबाई राहत. त्यांना रात्रपाळी असे व संध्याकाळची घटकाभर झोंप हीच त्यांची विश्रांति. गाण्यांचा त्यांना त्रास होत असेल म्हणून आम्ही एके दिवशीं क्षमा मागावयास गेलों, तर त्या हंसून म्हणाल्या, “बंद करूं नका हो. माझ्या लहानपणीं शेजारणींच्या मुलींबरोबर मींही हीं गाणीं म्हटलीं आहेत.” दुसऱ्या दिवशींची खिरापत त्यांच्याकडून आली, आणि ती कोणासही ओळखतां आली नाहीं. कोजागिरीस बाईंच्या गच्चीवर साऱ्या घरांचें दूध एकाच पातेल्यांत आटलें. नाताळांत त्या परिचारिकाबाईंच्या दारीं कागदी तारा लागला, तेव्हां करंज्या तळावयास वस्तींतील चार बायका गेल्या होत्या.

जानेवारींतल्या एका रात्रीं दोन वाजतां वरच्या जिन्यावर कांहीं पडल्याचा आवाज झाला. बाई पाय घसरून पडल्या होत्या व त्यांना हलतां येत नव्हतें. आम्हीं समोरच्या घराची घंटा वाजविली. परिचारिकाबाई त्या रात्रीं सुदैवानें घरीं होत्या; त्यांनीं पाय कसा धरावयाचा, कसा धरावयाचा नाहीं हें सांगितलें. कोपऱ्यावरच्या गृहस्थांनीं गाडी काढली. पाव तासांत पांच घरांत दिवे लागले होते. बाईंच्या खुब्याचें हाड मोडलें होतें; शस्त्रक्रिया झाली, आणि त्या पुन्हां काठीच्या आधारानें चालूं लागल्या. हेंच सप्टेंबरापूर्वीं घडतें, तर आम्हीं कोणाची घंटा वाजविली असती?

बाईंच्या चिरंजिवांनीं त्यांना आपल्याकडे नेण्याचें ठरविलें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्यामुळें घर विकावयास निघालें. आमच्या कराराची मुदत मे महिन्यांत संपते, तेव्हां आम्हांस बिऱ्हाड हालवावें लागेल. ही बातमी कळल्यावर वस्तींतील लोकांनीं आम्हांस न सांगतांच आमच्यासाठीं जागा पाहण्यास आरंभ केला. अकरा मुलींपैकीं तिघींनीं आपापल्या घरीं भांडून पाहिलें. दोन घरें मागल्याच ओळींत निघालीं आहेत. या वेळीं आमचें आडनांव कोणी विचारलें नाहीं. तें सर्वांस ठाऊक होतें, आणि त्याच्या आधीं आम्ही ठाऊक होतों.

आमच्याच भागांतील शेंडगांवीं १८७६ मध्यें जन्मलेले गाडगे महाराज आठवतात. त्यांनीं पंढरपूर, नाशिक, मुंबई येथें परक्या माणसांसाठीं धर्मशाळा बांधविल्या आणि स्वतःसाठीं एक खोलीही बांधली नाहीं. हातीं खराटा घेऊन ते गांवांत शिरत, आणि जें गांव झाडीत तें त्यांचें होई. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें त्यांनीं देह ठेविला. आमच्या वस्तीच्या वाटेवरच, गाडगेनगरांत, त्यांची समाधि आहे. आणि ज्या प्रभु येशूचा जन्मदिन ही शाळा दर वर्षीं साजरा करते, त्याच्या मातापित्यांसही त्या रात्रीं उताऱ्यास जागा मिळाली नव्हती. जागेच्या शोधांत दारोदार फिरतांना मनास येणारा कमीपणा ही कथा ऐकणाऱ्यानें तरी कोणास देऊं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांपैकीं जे भाड्याच्या घरांत राहतात त्यांनीं तें परकें मानून भिंतींवर रेघोट्या ओढूं नयेत; अंगणांत एक झाड लावावें, मग त्याचें फळ कोणीही खावो. ज्यांचीं स्वतःचीं घरें आहेत त्यांच्या आईवडिलांनीं फाटकावर पाटी लावली, तर येणाऱ्यास काय विचारावयाचें याचा विचार घरांत बसून अवश्य करावा. तुमच्या गल्लींत यंदा एखादें नवें बिऱ्हाड आलें असेल. परीक्षा संपली कीं त्यांच्या दारीं जा, त्यांच्या मुलांचीं नांवें विचारा, आणि त्यांना खेळावयास बोलवा.