रिकाम्या प्लॉटवरचं पीक

चाकणमध्ये सप्टेंबर लागला की माझ्या ओपीडीत शिंकणाऱ्यांची रांग लागते आणि निदान रुग्ण स्वतःच करून आलेला असतो : ‘डॉक्टर, कंपन्यांच्या धुराने नाक गेलं.’ त्याच वेळी मोबाइलवर हवेचा आकडा मात्र अनेकदा हिरवा असतो. माणूस खोटं बोलत नाही आणि आकडाही खोटा नाही. तो आकडा धुळीपैकी 10 मायक्रॉनपर्यंतचेच कण मोजतो. गवताचा परागकण साधारण 25 ते 40 मायक्रॉनचा, मक्याचा 90 च्या आसपास. ते त्या हिशेबात येतच नाहीत.

पराग मोजायचं यंत्र काही फार अवघड नाही. ब्रिटनमध्ये हर्स्ट यांनी 1952 मध्ये जे बनवलं, तेच थोड्या फरकाने आजही चालतं. पंप मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो, कण चिकट पट्टीवर बसतात, पट्टी तासाला 2 मिलिमीटर सरकते. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली, मान मोडून. आपल्याकडे औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळकांनी स्वतःचा ‘टिळक सॅम्पलर’ घडवला. चंदीगडला 2021 मध्ये शहराचं परागकणांचं कॅलेंडरच तयार झालं. चाकणचं कॅलेंडर मला केसपेपर, स्किन प्रिक टेस्ट आणि रस्त्याकडेला काय फुललंय, यावरून जुळवावं लागतं.

ते असं आहे. जून-जुलैत पाऊस हवा धुऊन काढतो. तेव्हाचा त्रास परागांचा नसतो, खोल्यांचा असतो. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडीकडच्या रूमांत चारचार पोरं राहतात, भिंतीला ओल, आतच दोरीवर वाळणारे युनिफॉर्म, जमिनीवर कधीच ऊन न लागलेल्या गाद्या. बुरशी आणि डस्ट माइट यांना आणखी काय हवं? ऑगस्टअखेरपासून गवतं तुऱ्यावर येतात, जानेवारी-फेब्रुवारीत वावळ फुलतो. गुलमोहराला लोक उगाच बदनाम करतात. ज्याचं फूल डोळ्यांत भरतं त्याचे पराग बहुधा कीटक नेतात, वाऱ्यावर फारसे येत नाहीत. कांदा बाजारातल्या हमालांचं दुखणं वेगळंच. कांद्याच्या सालीवर काजळीसारखी काळी पूड दिसते ना, ते अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीचे बीजाणू. गोणी खांद्यावर घेतली की ती पूड थेट नाकाखाली. असा रुग्ण आला की मी आधी त्याच्या सदऱ्याची कॉलर बघतो.

पण चाकणचा खरा मोसम गाजर गवताचा. पुण्यातली त्याची नोंद 1956 मध्ये छापून आली. अमेरिकेच्या पीएल-480 योजनेतल्या गव्हातून ते आलं असं आपण ठोकून देतो, पण भारताशी तो करारच 1956 च्या ऑगस्टमधला. अमेरिकी गहू त्याआधी 1951 पासून येत होता. बी गव्हातून आलं असेलही; त्या एका करारावर खापर फोडता येत नाही. पुण्याच्याच डॉ. लोणकरांनी 1974 मध्ये परदेशी सहकाऱ्यांसह या गवताच्या त्वचारोगावर शोधनिबंध लिहिला. गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य पापण्या, मान, कोपराच्या घड्या जाळतं. अशा काही रुग्णांना शेवंतीही सोसत नाही, कारण ती त्याच कुळातली. दिवाळीत हारांपासून लांब राहा, हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

हे गवत नांगर थांबला की फोफावतं. चाकण-महाळुंगे-निघोजे पट्ट्यात नेमकं तेच झालंय. जिथे कांदा-बटाटा निघायचा ती जमीन विकली गेली, तिला तारेचं कुंपण आणि मालकाच्या नावाची पाटी लागली, बांधकामाला मात्र वर्षानुवर्षं मुहूर्त नाही. उकरलेला मुरूम या गवताला फार मानवतो. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं, आणि एका झाडाला दहा हजारांच्या वर बी.

बिहारहून, नांदेडहून आलेला पोरगा पहिल्या वर्षी ठणठणीत असतो. दोन-तीन मोसम गेले की शिंका सुरू होतात, कारण शरीराला वैरी ओळखायला तेवढा वेळ लागतो. ‘गावाकडे गेलो की बरं वाटतं’ असं तो म्हणाला, की मी विचारतो, आठवड्याच्या सुट्टीला काय होतं? इथल्या बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी आराम पडत असेल तर मी पेंट शॉप आणि कटिंग ऑइलची चौकशी करतो. ते दुखणं वेगळं, त्याची वाटही वेगळी. गुरुवारीही नाक तसंच गळत असेल तर संशय प्लॉटवर.

धूर निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जपानमध्ये निक्को भागात 1987 च्या एका अभ्यासात दिसलं, की देवदारासारख्या सुगी वृक्षांच्या रानात राहणाऱ्यांपेक्षा, त्याच झाडांच्या पण भरपूर वाहनांच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना त्या परागांची अ‍ॅलर्जी जास्त होती. पुढे डिझेलच्या काजळीने अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया भडकते, हे प्रयोगशाळेतही दिसलं. तळेगाव चौकात ट्रकमागे अर्धा तास अडकणाऱ्या दुचाकीस्वाराला हे वेगळं सांगायला नको.

औषधाबद्दल एकच सांगतो. मेडिकलमधून परस्पर सेट्रिझिन घेऊन पॉवर प्रेसवर उभे राहू नका, त्याने झोप येते. नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारून मोसमभर नियमित घ्या. त्याची ‘सवय लागते’ ही भीती खोटी. ती सवय नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची लागते, आणि ते मात्र लोक बिनधास्त महिनोन्‌महिने ओढतात.

आता प्लॉटमालकांना आणि कंपन्यांच्या सेफ्टी ऑफिसरांना विनंती. गाजर गवत फुलावर आल्यावर, ऑक्टोबरात, ग्रास कटर फिरवू नका. पराग आणि बी दोन्ही उडतात. जुलैत, माती ओली असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मुळासकट उपटून घ्या. ज्यांना आधीच अ‍ॅलर्जी आहे, त्यांना या कामाला लावू नका. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी टाका. तो गाजर गवताला वर येऊ देत नाही आणि कोवळेपणी त्याची भाजीही होते.