पन्ना मारियाचे ओकचे झाड

टेक्सासातील सॅन अँटोनियोहून तासाभरात आम्ही पन्ना मारियाला पोहोचलो. पोलिश भाषेत हे नाव कुमारी मरियमचे, म्हणजे आपल्या हजरत मरियम (अ.) यांचेच! १८५४ च्या नाताळच्या आदल्या रात्री सायलेशियातून आलेल्या पोलिश शेतकऱ्यांनी इथल्या ओकखाली पहिली प्रार्थना केली. स्वतः खोपटांत राहून त्यांनी दोन वर्षांत चर्च बांधले. वीज पडून ते गेले. आजचे पांढरे चर्च नंतरचे.

साप, दुष्काळ, परका मुलूख. आपल्याला इथे बोलावणाऱ्या पाद्री लिओपोल्ड मोचिगेम्बांवर लोक इतके चिडले, की फाशीची भाषा करू लागले. ते १८५६ मध्ये निघून गेले, १८९१ मध्ये डेट्रॉइटला वारले. १९७४ मध्ये त्यांचे अवशेष आणून त्याच ओकखाली दफन केले गेले.

कबरीपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. धाकटीने विचारले, "अम्मी, मग लोकांनी त्यांची माफी मागितली का?"