साथीला कोण होते?

पावसाळ्यात आमच्या कुसगावात दोनच गोष्टींचा भरवसा धरता येतो. एक पाऊस, आणि दुसरी म्हणजे वीज जाणे. यंदा श्रावणात अशाच एका काळोख्या संध्याकाळी आमच्या महाविद्यालयातले मामा निवृत्तीचे पेढे घेऊन घरी आले. मामा म्हणजे आमचे शिपाई. परंतु स्नेहसंमेलन जवळ आले की त्यांचे दुसरे रूप प्रकट होते. ते पेटी फार सुरेख वाजवतात.

बॅटरीवरच्या रेडिओवर 'अमर अकबर अँथनी'तले ते गाजलेले गाणे लागले होते. 1977 साली त्या प्रचंड अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभने अँथनी गोन्साल्विस हे नाव पोरासोरांच्या तोंडी करून टाकले. मी हसत म्हटले, "काय मजेदार नाव शोधून काढले आहे!"

मामांनी पेढ्याचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "शोधून नाही काढले, सर. हे गृहस्थ खरे होते. व्हायोलिनचे मास्तर."

मी मराठीचा प्राध्यापक. सांगणे हा माझा धंदा, ऐकण्याची सवय कमी. तरी त्या रात्री ऐकले, आणि पुढे चार ठिकाणी वाचून खात्री करून घेतली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म 1927 सालचा, गोव्यातल्या माजोर्ड्याचा. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. मुलगा 1943 साली मुंबईत आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. पुढे तो 'अरेंजर' झाला. हे काम काय असते ते मामांनी मला पेढ्यांवरच समजावले. संगीतकार चाल बांधतो, पेटीवर गुणगुणून दाखवतो. पण तिथे चाळीस वादक बसलेले असतात. व्हायोलिनने कुठे उठायचे, बासरीने कुठे थांबायचे, दोन कडव्यांमध्ये कोणी काय वाजवायचे, हे प्रत्येकासाठी कागदावर लिहून कोण देणार? ते अरेंजरने. गोव्याची मंडळी चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली, म्हणून हे काम पुष्कळदा त्यांच्याकडे येई. ध्वनिमुद्रण एकदम व्हायचे. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

आणि तबकडीवर नाव? चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे. 1949 साली 'महल'च्या तबकडीवर तर प्रत्यक्ष लताबाईंच्या जागी पडद्यावरच्या पात्राचे 'कामिनी' हे नाव छापले होते! जिथे गाणारीची ही कथा, तिथे मागे बसलेल्या वादकाला कोण विचारतो?

या माणसाने मात्र नावासाठी तक्रार करण्यापेक्षा काम मोठे केले. 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्यांनी भारतीय राग पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदावर बसवून दाखवले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. 1965 च्या सुमारास ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटांकडे न वळता माजोर्ड्याला जाऊन राहिले. त्यांच्या शिष्यांपैकी एक प्यारेलाल. नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. गोन्साल्विस सुचवले ते प्यारेलालनी. गुरूला वाहिलेली ही दक्षिणा! 18 जानेवारी 2012 रोजी ते वारले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. तोवर सारा देश ते नाव गात होता, आणि माझ्यासारखे शहाणे त्याला हसत होते.

आमच्याकडून कार्ल्याची लेणी फारशी लांब नाहीत. दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे नेऊन मी एक शिलालेख दाखवतो. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले, असे तिथे कोरले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडावर लिहिण्याचे औदार्य आपल्या लोकांत होते, असे मी तिथे उभा राहून मोठ्या अभिमानाने सांगतो.

मामा गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात मी कपाटातून स्नेहसंमेलनाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका काढल्या. पंधरा वर्षे त्या मीच लिहीत आलो आहे. निवेदक, नेपथ्य, पडदा ओढणारा विद्यार्थी, सगळ्यांची नावे होती. माझे तर दोनदा. तळाशी मात्र दरसाल तीच ओळ : 'संगीतसाथ – महाविद्यालयाचा वाद्यवृंद'. हा वाद्यवृंद म्हणजे मामा आणि त्या वर्षी हाती लागलेला तबल्यावरचा एखादा मुलगा! पत्रिका मिटल्या आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मामांचे पूर्ण नाव मला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. काही न लपवता सांगितले, नाव विचारले. त्यांनी ते सावकाश, वडिलांच्या नावासकट सांगितले. मी म्हटले, "दिवाळी अंकासाठी यावर लिहितो आहे. तुमचे नाव घालतो."

"नको, सर," मामा म्हणाले. "अंकात काय करायचे आहे? मी पेटी गॅदरिंगला वाजवली. तिथल्या कागदावर घाला."

म्हणून इथे ते नाव नाही, वाचकांनी क्षमा करावी. यंदाच्या संमेलनात मामा पाहुणे म्हणून पेटीला बसणार आहेत. पत्रिकेचा मसुदा मी आत्ताच करून ठेवला आहे. त्यात निवेदकाच्या वरची ओळ त्यांची आहे.