पाच नंबरचा प्रांत

एक उंचेला, किडकिडीत मुलगा शाळेतून घरी येतो. जाड भिंगांचा चष्मा, पडलेले खांदे. खेळाच्या तासाला संघ निवडताना ज्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं, तो हा. स्वतःच कुलूप उघडतो, कारण आई कामावर गेलेली. चीज घातलेला पाव खरपूस भाजतो, केकचा जाडजूड तुकडा घेतो, पेल्यात दूध ओततो आणि सगळं मांडून टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर कुणी विनोदवीर बोलतोय. मुलाच्या तोंडात घास आहे तरी तो हसतो, मग आणखी हसतो, अंग गदगदेपर्यंत हसतो. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. मागं फक्त ‘द हू’ या बँडचं गाणं.

या मुलाचं नाव बिल हॅवरचक. मालिका ‘फ्रीक्स अँड गीक्स’. कथेतला काळ १९८०चा, गाव अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं. ‘एनबीसी’ वाहिनीनं १९९९ साली ती दाखवायला सुरुवात केली. एकूण भाग १८, पण १२ दाखवून होईतो वाहिनीचा धीर सुटला आणि मालिका बंद झाली. हरणाऱ्या पोरांची मालिका स्वतःच हरली. पुढं २००४ साली तिचा डीव्हीडी संच निघाला आणि मग ती लोकांना खरी सापडली. इतका उशीर का, तर गाणी. प्रत्येक गाण्याचे हक्क वेगळे, त्याचे पैसे वेगळे. गाणी बदलून स्वस्तात उरकता आलं असतं, पण संचात ती मूळचीच राहिली. बिलच्या त्या दुपारीमागचं गाणं काढून कुठलीतरी बासरी घातली असती, तर उरला असता फक्त भुकेला मुलगा.

ही मालिका मी पाहिली ती कोळारात. सोन्याच्या खाणींचं कोलार वेगळं, ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमचं कोळार बिदरला लागून. औद्योगिक वसाहतीमुळं चार लोकांना ठाऊक झालेलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि सिनेमा मिळेल त्या भाषेत. कन्नड चित्रपटसृष्टीचा डबिंगला अनेक वर्षं विरोध होता, त्यामुळं हॉलिवूडचा कोळीमानव आमच्याकडं हैदराबादहून तेलुगू बोलत यायचा, नाहीतर मुंबईहून हिंदी. मराठी सिनेमाची तबकडी आत्या उदगीरहून पाठवायची. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेलं राज्य मोडलं, तेव्हा आमच्या जिल्ह्याची वाटणी तिघांत झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडं. आत्याचं सासर तसं हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं.

‘फ्रीक्स’चा संच मात्र आतेभावानं न्यू जर्सीहून आणला होता. मोठ्या उत्साहानं तबकडी आमच्या प्लेअरमध्ये सरकवली आणि पडद्यावर ओळ उमटली की ही तबकडी इथं चालणार नाही. सिनेमा कंपन्यांनी जगाचीही वाटणी करून ठेवली होती. अमेरिका एक नंबर, युरोप-जपान दोन, आग्नेय आशिया तीन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका चार, भारत, रशिया आणि बराचसा आफ्रिका पाच, चीन सहा. एका प्रांताची तबकडी दुसऱ्या प्रांताच्या यंत्रात बोलायची नाही. हेतू साधा, की अमेरिकेत तबकडी निघाली तरी इतर देशांत सिनेमा थेटरात चालत राहावा. गरिबाघरची व्हीसीडी या भानगडीत पडली नव्हती. ती कुठंही घाला, चालायची. मात्र एक सिनेमा दोन तबकड्यांत, आणि पहिली संपायची ती नेमकी मारामारीच्या मध्यात.

बिदरात चौबाऱ्याजवळच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडं या कुलपाची किल्ली निघाली. चिनी बनावटीच्या बऱ्याच प्लेअरना छुपा मेनू असतो. कप्पा उघडा ठेवून रिमोटची ठरावीक बटणं ठरावीक क्रमानं दाबायची, मेनू उघडला की प्रांताचा आकडा शून्य करायचा. शून्य म्हणजे सगळे प्रांत. चाचांनी कुठल्या मॉडेलला कुठली बटणं ते वहीत लिहून ठेवलं होतं, उर्दूत, उजवीकडून डावीकडं, मधेमधे इंग्रजी आकडे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या प्लेअरवर रात्र रात्र बटणं दाबत बसायचे. पैसे मागायला विसरायचे. चाची म्हणायच्या, ‘‘इनकू दुकान नक्को, खिलौने हुना.’’

अमेरिकन सिनेमातल्या या मुलांच्या गोष्टी बघताना मला पहिल्यापासून एक कोडं पडायचं. १९८४च्या ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’पासून बघा. गणितात हुशार, चष्मा लावणारा, अभ्यासू मुलगा तिथं मार खातो, आणि फुटबॉल खेळणारा दांडगा राजा असतो. आमच्याकडं हे जमणार कसं? बिदरला गुरु नानक देव इंजिनिअरिंग कॉलेज १९८०पासून, भालकीलाही इंजिनिअरिंग कॉलेज. पंचाण्णव टक्के मिळवणाऱ्याला आमच्या गावात हार घालतात, चौकात फलक लावतात, लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वर्षभर आधी फुटतो. आमचा राजा तो. दांडगा बिचारा शिवारात. ‘द अंग्रेज’ नावाचा दखनी विनोदपट २००६च्या सुमारास आला. आमच्या अख्ख्या पट्ट्यात तो तबकड्यांवरच पाहिला गेला. त्यात परदेशातून हैदराबादला परतलेले दोन सॉफ्टवेअरवाले आणि चारमिनारच्या सावलीत दिवस काढणारे इस्माईलभाई, सलीम फेकू. सॉफ्टवेअरवाले हुशार, पगारदार. हसू मात्र सगळं इस्माईलभाईच्या वाट्याचं, आणि जीवही त्याच्यावरच जडतो.

म्हणजे आमच्याकडं पंगतीबाहेरचा कोण, तर ज्याचं डोकं चालतं, पण परीक्षेला नसलेल्या गोष्टीत. ‘थ्री इडियट्स’नं २००९ साली हे जवळजवळ सांगितलं होतं. घोकंपट्टीवाल्या चतुरची टर उडवली, यंत्रं उघडणाऱ्या रँचोला डोक्यावर घेतलं. आणि मग त्या रँचोलाच कॉलेजात पहिला नंबर देऊन टाकला! नापास रँचो पचवायची छाती निर्मात्यांनाही झाली नाही.

ती मालेगावच्या पोरांना झाली. शेख नासिर तिथं व्हिडिओ पार्लर चालवायचा. आलेल्या सिनेमांची कापाकापी करता करता संकलन शिकला आणि २००० साली त्यानं ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग थांबायचे तेव्हा चित्रीकरण. क्रेनऐवजी बैलगाडी, ट्रॉलीऐवजी सायकल. पुढं ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला आणि त्यात मागावर काम करणारा शफीक, हाडाची काडी झालेला, लाल चड्डी घालून आकाशात उडाला. हे सगळं फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात आहे. मी त्याची तबकडी इतकी वापरली की शेवटी ती अडखळायला लागली. शफीक पुढं कर्करोगानं गेला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५मध्ये आला, चांगला आहे, देखणा आहे. पण माहितीपटातला खरा शफीक उडताना जसा लाजतो, तसं नटाला लाजता येत नाही. मालेगावच्या बायका मात्र त्या सिनेमांत कुठंच नाहीत, नायिका बाहेरगावाहून आणावी लागते.

बायकांचा हिशेब मराठी सिनेमानं ठेवला. परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला. त्याचा नायक आपल्या सिनेमातला आद्य वेडा, दादासाहेब फाळके. छायाचित्रण, छपाई, आणि ‘प्रोफेसर केळफा’ नावानं जादूचे प्रयोग, म्हणजे स्वतःचं आडनाव उलटं करून! सिनेमा बघून बघून, प्रयोग करून करून काही दिवस दृष्टी गेली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन, तिथून कॅमेरा आणि आल्यावर पहिलं चित्रीकरण कशाचं, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं. कोंब येण्यापासून वेल चढेपर्यंत एकेक चित्र घेत बसायचं. त्यानंतर बायको सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात लागला, तोवर घरातलं सामान एकेक करून बाहेर गेलं होतं. विभावरी देशपांडेंची सरस्वती ते जाताना बघते, कुरकुरत नाही, पण बघते. फिल्म धुण्यापासून पाचपन्नास माणसांच्या जेवणापर्यंत सगळं बाईनं निभावलं.

त्याच दिग्दर्शकाचा ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४चा. पंढरपूरचा ज्ञानेश, न्यूटनवर भक्ती. वडिलांनी जुन्या भंगारातून जोडलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. वडील वारलेत, आईचं स्वेटर विणायचं यंत्र कर्जापायी जप्त झालंय, आणि ते सोडवायचं तर सायकल विकायला हवी. म्हणून पोरं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान थाटतात. बापाचं वेड विकायचं की आईची रोजीरोटी बुडू द्यायची, असा प्रश्न अमेरिकन गीकपटात कुणी शाळकरी पोरापुढं ठेवलेला मला आठवत नाही. तिथं खोलीभर खेळण्यांचे पैसे कुठून आले हे कुणी विचारत नाही. ‘बिग बँग थिअरी’ १२ वर्षं चालली, कॉमिकच्या दुकानात नायकांनी किती डॉलर उधळले असतील! मला ती मालिका फारशी भावली नाही, कारण हसायचं कुठं ते ती आधीच ठरवून देते. बिलच्या त्या दुपारी हसण्याचा आवाज एकट्या बिलचा असतो.

आता तबकड्या कुणी विकत नाही. लॅपटॉपला फट नाही, घरातला प्लेअर भंगारात गेला. मागं भाचीनं हट्ट धरला, ‘‘मामा, तुझे ते मंद लोक दाखव ना.’’ ‘फ्रीक्स’चा संच घेऊन चाचांकडं गेलो. दुकानात आता सीसीटीव्हीचे डबे, सोलरच्या वायरी. वहीबद्दल विचारलं तर हसले. मग मेलेल्या कॉम्प्युटरमधून डीव्हीडी ड्राइव्ह उपसून काढला, केबल लावून चालू केला. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला आणखी एक गाठ असते. प्रांत पाच वेळाच बदलता येतो. पाचव्यांदा जो लावाल, तो कायमचा. चाचांनी चष्मा वर सरकवून पडद्यावरचा आकडा वाचला.

‘‘चार बार हो गया, एकीच बाकी है,’’ ते म्हणाले. ‘‘हिंदुस्तान डालूं की अमरीका?’’

भाची म्हणाली, ‘‘अमेरिका.’’

‘‘फिर तुम्हारे अम्मी-अब्बा के शादी की डीवीडी?’’

‘‘चालेल की चाचा,’’ मी म्हटलं, ‘‘घरच्या तबकडीला प्रांत नसतो.’’

चाचांना माझ्या बोलण्याचा भरवसा वाटला नाही. लग्नाची तबकडी घेऊन या, आधी ती लावून बघू, मगच बटण दाबीन, म्हणाले.