तावदानाआडची ताई

वाड्यात आम्ही सख्खी-चुलत मिळून नऊ भावंडं. चैत्रात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड्या पडायच्या आणि कावळे हाकायला आमची नेमणूक व्हायची. अकरा ते तीन, भर उन्हात, उघड्या हातापायांनी. वर चीक खायला मिळायचा, म्हणून कुणाची तक्रार नसायची. ताई तेवढी आमच्यात नसायची. ती खाली ओसरीवर, काचेच्या तावदानाआड बसून आमचा गलका ऐकायची.

1971 साली, आठव्या वर्षी तिला मधुमेह झाला. काकू रोज पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळायची. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत असायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण 5 मिली, त्यात लघवीचे 8 थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. आम्ही श्वास रोखून बघायचो. निळं राहिलं की काकूचा चेहरा फुलायचा. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं, की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

"उन्हात जाऊ नको गं, भोवळ येईल," आजी म्हणायची. भीती खोटी नव्हती. खेळता खेळता साखर उतरून ताई एकदा अंगणात कोसळली होती. पण त्या मायेपायी तिचं ऊन गेलं. काचेतून उजेड येतो, ऊब येते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पंधराव्या वर्षी ती दोन पायऱ्यांवरून घसरली नि मनगट मोडलं. लहानपणीच होणाऱ्या या मधुमेहात हाडं तशीही कच्ची राहू शकतात, त्यात ड नसेल तर जेवणातलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. तेव्हा ड कोण मोजत होतं! नेमकं कारण आता कुणी सांगू शकणार नाही, पण ती काच मला अजून टोचते.

आता माझ्या धाकट्या भावाच्या नातीला नवव्या वर्षी तोच आजार निघाला. दंडावर सेन्सर, हातात इन्सुलिनचं पेन. रिपोर्टात ड 9 नॅनोग्रॅम, हवं निदान 20. मधुमेही मुलांत हे वारंवार दिसतं. पण तिच्या धडधाकट भावाचंही तपासलं, तर 14! शाळा, बस, शिकवणी, फ्लॅट. पोरांना ऊन लागणार कधी? डॉक्टरांनी आठवड्याला 60,000 युनिटची पुडी दिली, किती आठवडे तेही लिहिलं. आणि बजावलं, ही हाडांसाठी आहे, हिच्या भरवशावर इन्सुलिनचा एक युनिटही कमी करायचा नाही. उत्तर फिनलंडात 1966 साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, तान्हेपणी नियमित ड मिळालेल्यांत हा मधुमेह कमी आढळला होता. ते वाचून भाऊ रात्रभर झोपला नाही. झालेला आजार ड देऊन मागे फिरत नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

पोरीच्या आजीचा भर कोवळ्या उन्हावर. ड मात्र मुख्यतः सावली आपल्याहून आखूड पडते, त्या उन्हात तयार होतं. आमच्या वाळवणाच्या उन्हात.

रविवारी ताई नातीला घेऊन गच्चीवर जाते. बासष्ट वर्षांची ताई आणि नऊ वर्षांची पोर आपापली सावली पावलांनी मोजतात. ताईच्या बटव्यात लिमलेटच्या गोळ्या असतात, दोघींपुरत्या.