घसारा आणि मोल

सरकारी दप्तरात प्रत्येक वस्तूचे आयुष्य आधीच ठरलेले असते. खुर्ची इतकी वर्षे, पंखा इतकी वर्षे, टंकलेखन यंत्र इतकी वर्षे. ती सरली की निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी आणि शेवटी लिलाव. मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत अशा प्रस्तावांवर मी इतक्या सह्या केल्या, की जुनी वस्तू दिसताच मन आपोआप घसारा काढू लागते. निवृत्तीनंतर एका जुन्या गिटार-अॅम्प्लिफायरने मात्र या सवयीची चांगलीच परीक्षा घेतली.

माझे वाद्य हवाईयन गिटार. आमच्या पिढीच्या इंदूरकरांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वाजणाऱ्या चित्रपटगीतांच्या धुना, व्हॅन शिपले यांच्या तबकड्या आणि पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी याच वाद्यावर मांडलेले राग आपण सर्वांनी ऐकले आहेत. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या बोटांत नख्या. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली विजेची गिटार हीच होती, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९३२ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या त्या वाद्याला आकारावरून ‘फ्राइंग पॅन’ असे नाव पडले होते. तारांखालचे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे कंपनांचे क्षीण विद्युतप्रवाहात रूपांतर करतात. तो प्रवाह कोणी मोठा केला नाही, तर हे वाद्य जवळजवळ मुकेच.

ते काम आरंभी काचेच्या व्हॉल्व्हकडे होते. व्हॉल्व्ह तापावे लागतात, त्यांना काहीशे व्होल्टांचा दाब लागतो, आणि झिजले की बदलावे लागतात. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९६०च्या दशकात तो गिटारच्या पेटीत शिरला. आरंभीच्या त्या पेट्यांनी वादकांची निराशाच केली. व्हॉल्व्हवर क्षमतेबाहेर भार आला की आवाज हळूहळू खरखरीत होतो आणि ती खरखर कानाला गोड लागते. ट्रान्झिस्टर मात्र लहरीचा माथा एकदम छाटून टाकतो. रॉक वाजवणाऱ्याला हे खटकते. माझ्यासारख्या मींड घेणाऱ्याला खरखर मुळातच नको असते. स्वर निवळ हवा, आणि तो शेवटपर्यंत टिकावा.

माझ्या मित्राची पेटी नेमकी तशी होती. ओसाका येथे १९७२ साली स्थापन झालेल्या रोलँड कंपनीची ‘क्यूब ६०’. नारिंगी रंगाचा चौकोनी ठोकळा, त्यात बारा इंची एकच स्पीकर आणि प्रतिध्वनीसाठी स्प्रिंगा. परदेशी वस्तू दुर्मीळ असण्याच्या त्या काळात, १९८२ साली, एका जहाजावरील नोकराकडून त्याने ती मुंबईत घेतली होती. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रांत ती कित्येक वर्षे वाजली. मित्र २०२३ साली गेला. पुढच्या वर्षी वहिनींनी घर आवरायला काढले आणि मला निरोप धाडला : “भावजी, मोडीवाला पाचशे देतोय. तुम्हाला हवी असली तर तशीच घेऊन जा.”

मला ती हवी होती, आणि फुकट मिळत होती. मोह झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण जिला वस्तूची किंमत ठाऊक नाही तिच्याकडून ती तशी उचलणे मला पटेना. मी रीतसर तीन दर मागवले. मोडीवाल्याचे पाचशे होतेच. जेल रोडवरील एका दुकानदाराने छायाचित्र पाहून सहा हजार सांगितले. मुंबईत जुनी वाद्ये विकणाऱ्या एकाने, चालू स्थितीत असल्यास, अठ्ठावीस हजार.

मग पाहणी केली. वाद्य न जोडता पेटी सुरू करून गुणगुण ऐकली. ती मोठी होती, म्हणजे चाळीस वर्षांत कंडेन्सर सुकले होते. प्रत्येक खुंटी फिरवली. धुळीने ती करकरत होती. अर्धा तास तापू दिली. आवाज बसला नाही. असे ट्रान्झिस्टर-यंत्र खरे तर फार कमी झिजते. त्यात मरतात ते कंडेन्सर, आणि ते कोणताही जुना रेडिओ-कारागीर झाळून बदलतो. आजच्या पेटीत सारे काही चिमुकल्या तुकड्यांत बसवलेले असते. बिघडली की आख्खा फलकच बदलावा लागतो.

मुलाचे म्हणणे, नवी घ्या. ती हलकी, कानाला हेडफोन लावता येतो, शेजाऱ्यांना त्रास नाही. केवळ सोयीचा विचार केला तर त्याचेच खरे आहे. साठ वॉटही घरात नावापुरते. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट शक्ती लागते. त्यामुळे बैठकीच्या खोलीत एखाद्या वॉटनेही भागते.

खरी काळजी होती विजेची. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलेले, आपल्याकडे २३०. सरळ जोडली असती तर पेटी जळाली असती. फ्रिक्वेन्सीची मात्र अडचण नव्हती. जपानच्या पूर्वेत ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६० हर्ट्झ वीज असल्याने तिथली यंत्रे दोन्ही सोसतात. स्वस्त ऑटो-ट्रान्सफॉर्मर टाळून, दोन वेगळ्या वेटोळ्यांचा ३०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि दोन पिनांच्या जागी अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवली. यात काटकसर करू नये. १९७२ साली स्वान्झी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच रंगमंचावर दगावला होता.

दुरुस्ती तीन हजार दोनशे, ट्रान्सफॉर्मर दोन हजार आठशे. अठ्ठाविसातून सहा वजा जाता बावीस हजार. मी ती रक्कम घेऊन गेलो, तेव्हा वहिनींचा चेहरा बदलला. “उपकार करू नका. अजून माझं नीट चाललंय,” त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे योग्यच होते. मित्राच्या माघारी त्याच्या घरात पैसे ठेवण्याचे निमित्त म्हणून ती पेटी घेतली असती, तर तो दोघांचाही अपमान झाला असता. मी खिशातून तक्ता काढला : तीन दर, दुरुस्तीचे बिल, वजाबाकी. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “म्हणजे हे तिचंच मोल?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “तिचंच. माझ्याकडचा एक पैसाही जास्त नाही.” तेव्हा त्यांनी पैसे घेतले, आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावून पावती लिहून दिली.

ती पावती आणि तो तक्ता पाकिटात घालून मी पेटीच्या मागच्या बाजूस आतून चिकटवला आहे. यंत्र माझ्याहून जास्त टिकेल असे कारागीर म्हणतो. पुढे कधी ती माझ्या घरच्यांना विकावी लागलीच, तर मोडीवाल्याला बोलावण्यापूर्वी त्यांनी ते पाकीट उघडावे.